एक नग चाकू, जुना

निवारा केंद्रात नवीन माणूस आला की आम्ही आधी त्याचे खिसे पाहायचो आणि मग नाव विचारायचो. हा क्रम उलटा आहे हे मला कळायला बरीच वर्षं लागली. कळलं तोवर मी निवृत्तीला आलो होतो.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फुटपाथवर, दुकानांच्या पायऱ्यांवर, बसस्टँडच्या बाकांवर झोपणाऱ्या माणसांसाठी शहरात महापालिकेचं निवारा केंद्र असतं. ते चालवायला एखादी संस्था नेमतात. आमच्या संस्थेकडे आधी अकोल्याचं केंद्र होतं, मग अमरावतीचं आलं. दोन्हीकडे मी मॅनेजर. म्हणजे खाटा, चादरी, नळ, भांडणं, आधार कार्ड आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांचा चहा, या सगळ्यांसाठी ज्याला बोलणी बसतात तो माणूस. अमरावतीत आम्हाला बंद पडलेल्या एका शाळेची इमारत मिळाली होती. भिंतींवरचे पाढे तसेच होते. पुरुषांच्या खोलीत एकोणतीसच्या पाढ्याखाली लोक झोपायचे. माझा तो पाढा तिथंच पाठ झाला, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी.

झोपायला जागा देणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे माणसाला एखादं काम शिकवून, कुठं खोली पाहून, मार्गी लावणं. बाकी धंद्यांत गिऱ्हाईक परत आलं की दुकानदार खूष होतो. आमच्याकडे परत आलं की आम्ही तोंड पाडायचो.

माणसं ओळखण्यात मी पहिल्यापासून कच्चा. अकोल्यातल्या पहिल्याच उन्हाळ्यात एका गृहस्थाला मी चार दिवस मोठ्या मायेनं सांभाळलं. स्वच्छ शर्ट, कमी बोलणं, नजर खाली. मला वाटलं, चांगल्या घरचा, परिस्थितीनं पडलेला माणूस. माझ्या डब्यातली भाजी मी त्याला द्यायचो. पाचव्या दिवशी दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. "आमचे हे इथं हायेत का? घरचा कूलर बिघडला तवापासून गायब हायेत!" गृहस्थ तीन गल्ल्या पलीकडे स्वतःच्या दुमजली घरात राहत होते. जाताना त्यांनी माझ्या बायकोच्या भाजीचं कौतुक केलं, एवढंच.

केंद्रातल्या एकुलत्या कूलरसमोरच्या खाटेवरून एकदा दोघांची जुंपली आणि एकानं वस्तरा काढला. कुणाला काही लागलं नाही. पण मी ज्या चपळाईनं पाण्याच्या टाकीवर चढलो ती पाहून दोघंही भांडण विसरले. मला खाली उतरवायला त्यांच्यातल्याच एकानं हात दिला. वस्तरा त्याच्या दुसऱ्या हातात होता.

त्या दिवसापासून मी नियम केला: धारदार वस्तू आल्या आल्या जमा. माझ्या टेबलाचा खालचा ड्रॉवर, त्याला कुलूप, आणि वस्तूची पावती. अमरावतीला बदलून आलो तेव्हा नियमही सोबत आणला.

सुखदेव आला तो एका संध्याकाळी, राजापेठेतल्या एका दुकानाच्या पायरीवरून. आमच्या शोभाताईनं त्याला आणलं. शोभाताई केंद्राची काळजीवाहक. खरं तर केंद्र तीच चालवायची, मी सह्या करायचो. माहेर मोर्शीचं, आणि बोलणं असं की समोरच्यानं आपलं चुकलंच असं धरून चालावं. सुखदेव पन्नाशीचा, काटकुळा, डावा पाय थोडा ओढत चालणारा. खिसे रिकामे होते. पण कमरेला मेणकापडात गुंडाळलेला एक घडीचा चाकू निघाला. बोटभर पातं, लाकडी मूठ, मुठीच्या टोकाला पितळेची चपटी पट्टी.

"हे काय आहे?"

"चाकू हाय जी."

"ते दिसतंय. कशासाठी?"

"कामाचा हाय."

माझ्या डोळ्यांपुढे अकोल्याची टाकी उभी राहिली. नियम सांगायची वेळ आली की माझी वऱ्हाडी गळून पडते आणि मी छापील बोलू लागतो. "धारदार वस्तू केंद्रात बाळगता येणार नाही. जमा करावी लागेल. केंद्र सोडताना पावती दाखवून परत मिळेल."

तो आधी चाकूकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. मग त्यानं तो मेणकापडासकट टेबलावर ठेवला. मी पावती फाडली: 'एक नग चाकू, जुना.' त्यानं तिच्या चार घड्या केल्या आणि चाकूच्या जागी कमरेला खोचल्या.

मग मी फॉर्म काढला. नाव, गाव, पूर्वीचं काम. "संत्र्याच्या बगिच्यात होतो," तो म्हणाला. कामाच्या रकान्यात चारच पर्याय होते: मजुरी, हमाली, भिक्षा, इतर. मी 'मजुरी'वर बरोबरची खूण केली. तिथं आणखी एकच प्रश्न विचारला असता तर हा लेख इथंच संपला असता. पण फॉर्ममध्ये जागा नव्हती.

सुखदेवला काम शिकवायचा मी चंग बांधला. आमच्याकडे कुणीतरी दान दिलेली शिलाई मशिनं होती, म्हणून येईल त्याला आम्ही शिवण शिकवायचो. सुखदेवनं पहिल्याच आठवड्यात पिशवीच्या चारही बाजू शिवून तोंडच बंद केलं. मग अगरबत्ती वळायला बसवला, तर त्याला शिंका. मग कागदी फायली. शोभाताई त्याच्या फायली पाहून म्हणाली, "सर, ह्या फायलीत कागद ठेवला त कागदाले कमरदुखी होईन."

दर चार-सहा दिवसांनी तो टेबलापाशी येऊन उभा राहायचा.

"साहेब, माहा चाकू..."

"केंद्र सोडताना मिळेल."

"पावती हाय माह्यापाशी."

"अहो, आहे ना पावती? मग काळजी कशाची?"

तो मान हलवून जायचा.

आता मुद्द्याची कबुली. त्या ड्रॉवरमध्ये दोन ब्लेड, एक स्क्रू-ड्रायव्हर, एक विळा आणि सुखदेवचा चाकू होता. एके दिवशी तांदळाच्या कट्ट्याची सुतळी कापायला काही सापडेना, म्हणून मी तो चाकू काढला. सुतळी अशी कापली गेली की जणू तिनं स्वतःच दोन व्हायचं ठरवलं होतं. मी खूष. मग सवयच लागली. पेन्सिलीला टोक काढ, सुताच्या गाठी काप, डाळीची पाकिटं फोड. एका बाईचा वाढदिवस केला तेव्हा केक त्यानंच कापला. साहेब लोक तपासणीला येणार म्हणून फाटक रंगवायला काढलं, तेव्हा रंगाच्या डब्याचं झाकण निघेना. मी चाकूचं पातं खोचलं आणि पिळलं. झाकण निघालं. पात्याचं टोकही निघालं. थोडंसंच. मी चाकू पुसला, मेणकापडात गुंडाळला आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. दुसऱ्याची वस्तू आपण किती जपून ठेवतो, असं वाटून मला बरंही वाटलं.

मधल्या काळात मी सुखदेवला राजापेठेतल्या एका अपार्टमेंटवर दिवसपाळीचा चौकीदार म्हणून लावून दिला; झोपायला तो केंद्रातच यायचा, म्हणून चाकू ड्रॉवरमध्येच राहिला. नवव्या दिवशी सेक्रेटरींचा फोन आला. "तुमच्या माणसानं आमचं लिंबाचं झाड कापलं! अर्धं केलं!" मी स्कूटरवर गेलो. झाड खरंच अर्धं झालं होतं. कुणाकडून तरी कात्री मागून सुखदेवनं ते छाटलं होतं. "वाळकी फांदी होती, साहेब. रोग खाली उतरून राह्यला होता," तो म्हणाला. मी त्याला चारचौघांत माफी मागायला लावली, केंद्रात परत आणला आणि चौकीदारानं झाडांना हात लावू नये यावर अर्धा तास बोललो. तो ऐकत होता, किंवा एकोणतीसचा पाढा वाचत होता.

काही महिन्यांनी त्याच सेक्रेटरींचा पुन्हा फोन. मी माफीचं वाक्य तयारच ठेवलं होतं. "नाही हो," ते म्हणाले, "झाड लिंबांनी लगडून गेलंय. मिसेस विचारताहेत, तो माणूस मोसंबीकडेही बघेल का?"

तेव्हा कुठे मी सुखदेवला समोर बसवलं आणि फॉर्म बाजूला ठेवून विचारलं, "सुखदेवभाऊ, बगिच्यात नेमकं काय करत होता तुमी?"

"कलमा बांधत होतो जी."

संत्र्याचं रोप बी लावून करत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. आधी जंभेरी नावाच्या आंबट, राकट लिंबाचं रोप वाढवतात. ते पेन्सिलीएवढं जाड झालं की वीतभर उंचीवर त्याच्या सालीला चीर देतात. चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला फुगीर ठिपका, सालीसकट अलगद सोलतात, त्या चिरेत बसवतात आणि वरून पट्टी बांधतात. तो धरला की पुढचं सगळं झाड संत्र्याचं. अशी कलमं बांधत सुखदेव हिवाळाभर एका नर्सरीतून दुसरीत फिरायचा.

शोभाताई दारातूनच ओरडली, "अगं माय! आमच्या मोर्शीच्या राऊतांच्या नर्सरीत बांधाले माणसं भेटत नाईत न! विजयाताई मांगच्या हप्त्यात फोनवर रडून राह्यली होती. राहाले खोली बी देते ती."

काम आणि खोली, दोन्ही एकदम. आमच्या धंद्यात असं वर्षातून एकदा घडतं. विजयाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "परवा आना. शंभर रोपं देतो बांधाले. डोळे धरले त ठेवतो, नाई त नाई." मी रुबाबात सुखदेवला सांगितलं. पहिल्यांदाच तो हसला. मग त्यानं कमरेची पावती काढली, घड्या उलगडल्या आणि टेबलावर ठेवली.

मी कुलूप काढलं. तोपर्यंत मला काहीच वाटत नव्हतं. सुखदेवनं मेणकापड सोडलं, पातं उघडलं, धारेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि मोडक्या टोकाशी थांबला. पात्याच्या मुळाशी फाटकाचा हिरवा रंग होता.

"कोनं वापरला?"

मी मोठ्या धीरानं म्हणालो, "पडून पडून गंजला असेल."

"सर," शोभाताई म्हणाली, "रंगाचा डबा त तुमीच उघडला न त्याच्यानं? आन् केक?"

सुखदेवनं चाकू मिटला. पिशवी उचलली आणि भरदुपारी फाटकातून, त्या हिरव्यागार फाटकातून, बाहेर पडला.

मी आधी बाजारात धावलो. कृषी केंद्रातून चकचकीत नवा कलमाचा चाकू घेतला, मग सुखदेवला शोधत फिरलो. तो सापडला तिथंच, राजापेठेतल्या जुन्या पायरीवर. दुकान त्या दिवशी बंद होतं. पायरीच्या काळ्या दगडावर तो चाकू घासत होता. मी शेजारी बसलो आणि नवा चाकू पुढे केला. त्यानं तो हातात घेतला, तोलला, परत दिला.

"चांगला हाय. पन हा हातात बसाले दोन हंगाम पाह्यजेत. परवा कसा बसन?"

समोरून ट्यूशनच्या पोरींच्या गाड्या जात होत्या. माझ्या साडूचा मुलगा स्कूटीवरून गेला, मला पायरीवर पाहून वळला आणि न थांबता आणखी जोरात गेला. त्या संध्याकाळी बायकोला तीन फोन आले, ते वेगळं.

"झाडावरून पडलो, पाय मोडला," सुखदेव घासता घासता म्हणाला. "दोन हंगाम गेले. भावाच्या घरी होतो. भावजयीचं काई चुकलं नाई, मीच निंगालो. घर गेलं, सामान गेलं. हा एकच होता, तो तुमाले देल्ला." थोडं थांबून म्हणाला, "तुमी पावती देल्ली. मले वाटलं, पावती देते म्हंजे सांभाळते."

मला तीस वर्षांत पुष्कळ लोक पुष्कळ बोलले आहेत. कुणी आईवरून, कुणी बापावरून. इतकं कधी लागलं नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "खोटं बोललो, ते बी चुकलं."

त्यानं मान वर केली नाही. शेजारची पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. "पानी टाका. थेंब थेंब. दगड वाळला का पातं तापते."

मी टाकू लागलो.

"थेंब म्हनलं, साहेब. नळ नोको."

दोन तास मी थेंब टाकत होतो. माझ्या सगळ्या नोकरीत तेवढं एक काम मी कुणाला न विचारता, सही न करता, नीट केलं. मोडकं टोक घासून घासून पातं लहान झालं, अरुंद झालं, पण शेवटी त्यानं मनगटावरचे दोन केस त्यावर उतरवून पाहिले आणि चाकू मिटला. "चला," म्हणाला.

मोर्शीला आम्ही बसनं गेलो. विजयाताई राऊत चाळिशीच्या, डोक्याला रुमाल, पायांत गमबूट. त्यांनी सुखदेवचा चाकू पाहिला आणि हसल्या. "हा चाकू हाय का दात कोराची काडी?" सुखदेव वाफ्याकडे वळला. उत्तर मी दिलं असतं, पण माझा अधिकार संपलेला होता.

तो वाफ्यात उकिडवा बसला, दुखरा पाय बाजूला पसरून. साल चिरायची, पितळेच्या पट्टीनं उचलायची, डोळा सरकवायचा, पट्टी गुंडाळायची. शिलाई मशिनवर ज्या हातांनी पिशवीचं तोंड बंद केलं होतं तेच हात. संध्याकाळपर्यंत शंभर झाली.

मी विचारलं, "मग? ठेवता ना?"

विजयाताई म्हणाल्या, "सर, आता का पाहाचं? वीस-बावीस दिवसांनी पट्टी सोडाची. डोळा हिरवा त खोली त्यायची. वाळला त यष्टी त्यायची. तवरोक राहू द्या त्यायले इथं, पानी देतीन."

ते बावीस दिवस मला नोकरीतल्या कुठल्याही चौकशीपेक्षा जड गेले. डोळे वाळले असते तर कुणीही म्हटलं असतं, बेघर माणूस, येत नसेल काम. चाकूनं केक कुणी कापला होता हे मोर्शीत कुणाला ठाऊक नव्हतं. मी रोज फोन करायचो. शेवटी विजयाताई वैतागल्या. "झाड हाय सर ते, मोबाइल नाई. चार्जिंग किती झालं ते दिसत नाई!"

बाविसाव्या दिवशी मी आणि शोभाताई पहिल्या बसनं पोहोचलो. सुखदेव वाफ्याच्या टोकाशी उभा होता. विजयाताईंनी पहिली पट्टी सोडली. डोळा तपकिरी, वाळलेला. दुसरी: वाळलेला. तिसरी, चौथी. मी शोभाताईकडे पाहिलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा काही बोलायचं टाळलं. नऊपर्यंत एकही हिरवा नव्हता. मी मनातल्या मनात परतीची बस आणि एकोणतीसच्या पाढ्याखालची खाट, दोन्ही पाहून घेतलं.

दहावा हिरवा होता. अकरावाही. मग बाराव्यापासून पुढे हिरवेच हिरवे, मटराच्या दाण्यासारखे टच्च. विजयाताईंचा हात भराभर चालू लागला आणि शेवटच्या रोपाशी त्या उठल्या. "माह्या जुन्या गड्यायचे शंभरात पंधरा-वीस जातेत," एवढंच म्हणाल्या आणि गमबुटाच्या आतून खोलीची किल्ली काढून सुखदेवपुढे धरली. गमबुटात किल्ली का ठेवतात ते मी विचारलं नाही.

मला मात्र राहवलं नाही. "ते पहिले नऊ चाकूमुळे गेले. माझ्यामुळे."

"नाई जी," सुखदेव म्हणाला. "हात बसला नव्हता. दोन हंगाम झाले होते न."

जो दोष मी त्या दिवशी गंजाचं नाव सांगून ड्रॉवरवर ढकलला होता, तो त्यानं स्वतःवर घेतला. बसमध्ये शोभाताईनं ते मला अमरावती येईपर्यंत तीनदा समजावून सांगितलं.

सगळ्यांची गोष्ट अशी होत नाही, हेही लिहिलं पाहिजे. मी खोली पाहून दिलेल्यांतले कितीतरी परत पायरीवर गेले. काहींचं मी दुसऱ्यांदा नावही विचारलं नाही. त्यांच्या फॉर्मवर 'मजुरी'ची खूण माझ्याच अक्षरात आहे. निवृत्त व्हायच्या आधी मी एकच सुधारणा करू शकलो. ड्रॉवरमधल्या वस्तू कापडी पिशवीत शिवून ठेवायच्या, आणि शिवण त्या माणसासमोरच घालायची. तेवढ्यासाठी तरी शिलाई मशिनं कामी आली.

यंदा हिवाळ्यात मोर्शीला गेलो होतो. नर्सरीच्या मागे सुखदेवची पत्र्याची खोली आहे. केंद्रातून शोभाताईनं पाठवलेल्या दोन बाया त्याच्या हाताखाली कलमं बांधायला शिकतात. खोलीत खिळ्यांवर तीन चाकू टांगलेले, प्रत्येकावर नावाची चिंधी. "ज्याचा चाकू त्यानंच हात लावाचा," असा तिथला कायदा. मी आत पाऊल टाकणार तेवढ्यात सुखदेवनं मला उंबऱ्यावर थांबवलं.

"खिशात काय हाय?"

"काही नाही. पेन आहे."

"टोकदार हाय. जमा करा."

दोन्ही बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी पेन दिलं. निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं, सोनेरी क्लिपचं, शाईचं. त्यानं ते शर्टाच्या खिशाला लावलं, मला चहा पाजला आणि नवा वाफा दाखवायला नेलं. जंभेरीचं बी टोबायचं चाललं होतं. बोलता बोलता सुखदेव खाली बसला, पेन काढलं, टोपण दातांत धरलं आणि निबाकडच्या बाजूनं मातीत एकेक भोक पाडत गेला. भोक, बी, माती. भोक, बी, माती. मी पाहत राहिलो. एक अख्खी ओळ झाली.

"भाऊ," एक बाई म्हणाली, "साहेबायचा पेन हाय तो."

"पडून पडून गंजला असता," सुखदेव म्हणाला.

निघताना त्यानं पेन धोतराला पुसून परत दिलं. मी पावती मागितली नाही. हा सगळा मजकूर त्याच पेनानं लिहिला आहे. दर चार ओळींनी शाई अडते, झटकावं लागतं, आणि कागदावर काळ्या मातीचा एखादा कण पडतो. दुरुस्तीला टाकायचं अजून मनात आलेलं नाही.